कचरा वेगळा करायचा, पण घरातलं माणूस ऐकेल तर!

उकिरड्यात काय काय असते हे तुम्हाला आम्ही सांगायला नको. शेण, गव्हाणीतली चघळ, चुलीतली राख, भाजीची देठे हे तर असतेच. पण त्यातच दुधाच्या पिशव्या, शाम्पूच्या पुड्या, वेफर्सची पाकिटे, फुटक्या बाटलीची काच आणि कधी कधी जनावराला टोचलेल्या इंजेक्शनची सुईसुद्धा असते. वैशाखात हाच उकिरडा ट्रॉलीत भरून रानात जातो. मग कुळवाच्या फासेला पिशव्या गुंडाळतात, खत पांगणाऱ्या बाईच्या बोटात काच घुसते, आणि आपण म्हणतो, "हल्ली शेणखतात काही राम राहिला नाही."

यावरचा उपाय नवा नाही. संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान २०००-०१ साली सुरू झाले तेव्हापासून गावोगावच्या भिंतींवर तो रंगवलेला आहे. ओला कचरा वेगळा ठेवा, सुका वेगळा ठेवा. भिंतीवरचा रंग उडाला, पुन्हा नवा दिला गेला, पण उकिरडा तसाच राहिला. असे का व्हावे? आमच्या मते अडचण ना खड्ड्याची आहे, ना अनुदानाची. अडचण घरात आहे. नवरा-बायकोपैकी एकाला पटलेले असते आणि दुसऱ्याला नसते. कचऱ्याचे काम असे आहे की घरातल्या एकाने जरी मनावर घेतले नाही, तरी बाकीच्यांची मेहनत पाण्यात जाते.

बचत गटाच्या बैठकीला गेलेली बाई घरी येते. दारामागच्या खुंटीला एक पिशवी अडकवते आणि म्हणते, "अहो, प्लॅस्टिक तेवढं आता यात टाकत जा." मालक हसतात. "आता आपण भंगारवाले व्हायचं का? पट्टी भरतो ना ग्रामपंचायतीला? उचलतील ते." दुसऱ्या दिवशी मालकांची पुडी नेहमीप्रमाणे अंगणात पडते. राज्यात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे म्हणे! अंगण झाडणाऱ्या बाईला विचारा, बंदी कुठे आहे ते.

दुसऱ्या घरी नेमके उलटे घडते. मालक कृषी मेळाव्याला जाऊन गांडूळखताची माहिती घेऊन येतात आणि ओटीवर बसून हुकूम सोडतात, "उद्यापासून सगळं वेगळं ठेवायचं." कारभारीण काही बोलत नाही. चार दिवसांनी दोन्ही बादल्या पुन्हा एक झालेल्या असतात. मग मालक पारावर सांगत सुटतात, "आमच्या घरात कुणाला कळतच नाही, काय करणार?"

आता या बाईचे काय चुकले सांगा. पहाटे पाचला उठून तिने झाडलोट करायची, शेणघाण काढायची, पाणी भरायचे, भाकऱ्या थापायच्या, डबे भरायचे आणि मग खुरपायला जायचे. त्यात आता कचरा निवडायचा. निर्णय मालकांचा, काम तिचे. ती तोंडाने नाही म्हणत नाही, हाताने म्हणते. म्हणून बंधूंनो, घरातलं माणूस ऐकत नसेल तर ते अडाणी आहे असे समजू नका. त्याच्या नकाराला बहुतेक वेळा कारण असते आणि ते कारण आपण विचारलेलेच नसते.

कारण विचारा, मग बोला

कारणे तरी काय असतात? एक तर जागा. दोन खोल्यांच्या घरात तीन डबे ठेवायचे कुठे? दुसरे म्हणजे वास आणि माश्या. तिसरे म्हणजे लाज. भंगार साठवणारे घर गरिबाचे, ही समजूत अजून गेलेली नाही. एक कारण असे आहे की ते बाई नवऱ्यालाही सांगत नाही. घरात सून आहे, वयात आलेली मुलगी आहे. डबा मालक रिकामा करणार, सासरे बघणार, तर वापरलेले पॅड त्यात टाकायचे कसे? म्हणून सगळेच एका पिशवीत बांधून अंधारात उकिरड्यावर टाकले जाते. याला साधा उपाय आहे. त्यासाठी न्हाणीघराजवळ झाकणाची वेगळी डबी ठेवावी, पॅड जुन्या वर्तमानपत्रात गुंडाळून तीत टाकावे, आणि त्या डबीला पुरुषांनी हात लावायचा नाही असे ठरवून टाकावे. ती फक्त घंटागाडीवर द्यायची. एवढे एक ठरले तरी कित्येक घरांतला विरोध मावळेल.

चुलीचेही तसेच. चूल पेटवताना बाया प्लॅस्टिकची पिशवी लावतात हे सर्वांना ठाऊक आहे. त्या धुरात विषारी वायू असतात. पाइप, केबल, रेक्झिन अशा वस्तू जळाल्या तर तो धूर आणखी घातक होतो, आणि तो बाईच्या नि तिच्याजवळ बसलेल्या पोराच्या छातीत जातो. हे सांगितले की मालक लगेच म्हणतात, "बघ, मी सांगत नव्हतो?" पण ती पिशवी का लावते ते विचारा की! श्रावणात लाकूड ओले असते, रेशनचे रॉकेल मिळेनासे झाले, गॅसची टाकी संपली की पुन्हा भरायला पैसे लागतात. तिला कोरडे पेटवण हवे आहे. पावसाळ्याआधी तुराट्या, पऱ्हाट्या, नारळाच्या शेंड्या छपराखाली रचून ठेवणे हे काम पुरुषाचे. ते झाले तर पिशवी चुलीत जाणार नाही, त्यासाठी भाषण करावे लागणार नाही.

तसे पाहिले तर आपल्या आज्या-पणज्यांना हे कुणी शिकवले नव्हते. फाटक्या लुगड्याची वाकळ व्हायची. तेलाचा पत्र्याचा डबा धान्याला जायचा. राखेने भांडी घासली जायची आणि उरलेली राख उकिरड्यावर जायची. जुन्या कपड्यांवर बोहारीण भांडे द्यायची. उकिरड्यावर पडलेले सगळेच कुजायचे, म्हणून वेगळे करायचा प्रश्नच नव्हता. उकिरडा तोच आहे, सवयही तीच आहे, फक्त त्यात पडणारी वस्तू बदलली. म्हातारी सासू या कामाला नाक मुरडत असेल तर तिला नवे काही शिकवायला जाऊ नका. "आत्याबाई, तुम्ही चिंध्या जपून ठेवायच्या ना, तशा या पिशव्या ठेवू" असे म्हणून बघा.

गोठ्याचे गणित

आता पुरुषमंडळींना पटवायचे तर कुठून सुरुवात करावी? स्वच्छतेवरून करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. स्वच्छता म्हटली की पुरुषांना ती बायकांची बाब वाटते. सुरुवात गोठ्यावरून करावी.

गाय-म्हैस चारा चावत बसत नाही. आधी भराभर गिळते आणि मग निवांत बसून रवंथ करते. उरलेली भाजी-भाकरी पिशवीत गाठ मारून टाकली की तिला वास येतो, पण गाठ सोडता येत नाही. ती पिशवीसकट गिळते. पिशवी कोठीपोटात जाते. तिथे ती पचत नाही आणि पुढेही सरकत नाही. एकीत दुसरी गुंतत जाऊन त्यांचा गोळा तयार होतो. जनावर रवंथ कमी करते, चारा सोडते, पोट वरचेवर फुगते, दूध आटते, अंग उतरते. आपण जंताचे औषध पाजतो, अंगारा लावतो. शेवटी डॉक्टर डावी कूस उघडून हाताने गोळा बाहेर काढतात. ज्यांनी ती शस्त्रक्रिया पाहिली आहे, त्यांच्या घरी पिशवी कुठे टाकायची यावर पुन्हा वाद होत नाही.

तार आणि खिळे तर त्याहून वाईट. जड वस्तू जाळीपोटात जाऊन बसते आणि जाळीपोटाच्या अगदी पुढे, पातळ पडद्यापलीकडे, काळीज असते. गाभण जनावराच्या पोटात वासरू वाढले, किंवा वितांना कळा आल्या, की दाब पडून तार पुढे घुसते. चांगली दुभती म्हैस अशी जाते, आणि लोक म्हणतात कुणाची तरी दृष्ट लागली.

दुसरे गणित खताचे. चांगल्या कुजलेल्या शेणखतात साधारण अर्धा टक्का नत्र धरतात, म्हणजे टनामागे पाच किलो. युरियाची गोणी ४५ किलोची, तिच्यात नत्र सुमारे वीस किलो. म्हणजे चार टन खतातले नत्र जवळजवळ एका गोणीइतके झाले. शिवाय स्फुरद, पालाश आणि जमीन भुसभुशीत करणारा सेंद्रिय कर्ब मिळतो तो वेगळाच, युरियात तो नाही. हे खत प्लॅस्टिकने भरलेले असेल तर पांगताना एकसारखे पडत नाही, वेचायला मजूर लावावे लागतात, आणि उरलेले तुकडे वर्षानुवर्षे जमिनीत राहून मुळांच्या आणि पाण्याच्या आड येतात. विकत खत घेणारा बागायतदारसुद्धा ट्रॉलीत हात घालून बघतो आणि मगच भाव बोलतो.

ज्यांना ओल्या कचऱ्याचे काय करावे असा प्रश्न पडतो, त्यांना बाहेर कुठे बघायला नको. नाडेप हौद आपल्याच यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी बसवलेली पद्धत, त्यांच्याच नावाच्या अक्षरांवरून ओळखली जाते. दहा फूट लांब, सहा फूट रुंद, तीन फूट उंच, भिंतीत हवेला भोके ठेवलेला विटांचा हौद. काडीकचरा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे आणि वरून लिंपून टाकायचे. शेण थोडे लागते हे त्याचे वैशिष्ट्य. तीन-चार महिन्यांत खत तयार होते. पण एक अट आहे. हौदात न कुजणारी वस्तू गेली की सगळे बिघडले. तेव्हा वेगळे करण्याची गोष्ट पुन्हा घरातच येऊन थांबते.

कामाची वाटणी

पटले असे तोंडाने म्हणणे सोपे असते. खरी परीक्षा वाटणीची. शहाण्या जोडप्याने पहिल्या दिवशीच ठरवून घ्यावे की कुणी काय करायचे. बाईने स्वयंपाकघरातले दोन भाग करावेत: कुजणारे बादलीत, न कुजणारे खुंटीच्या पिशवीत. त्यापुढचे सगळे पुरुषाचे. बादली खड्ड्यात ओतणे, पिशवी भरली की पोत्यात रिकामी करणे, पोते भंगारवाल्याकडे किंवा गाडीवर पोहोचवणे ही कामे त्याने करायची. भंगाराचे जे काही दहा-वीस रुपये येतील ते मात्र बाईच्या हातात पडले पाहिजेत. रक्कम किरकोळ आहे, हे खरेच. पण ती मालकांच्या खिशात गेली की पोत्यातले निवडणे बंद पडलेच म्हणून समजा.

शेतातले प्लॅस्टिक हा तर पूर्णपणे पुरुषांचा प्रांत. बाई घरात शाम्पूची पुडी वेचून ठेवते आणि मालक बांधावर अख्खा मल्चिंग पेपर पेटवून देतात, मग तिने का ऐकावे? "लोका सांगे ब्रह्मज्ञान" म्हणतात ते हेच. ठिबकच्या जुन्या नळ्या भंगारात जातात, त्या गुंडाळून ठेवाव्यात. मल्चिंगचा पातळ कागद मातीने माखतो आणि ऊन खाऊन फाटतो, म्हणून तो कुणी सहसा घेत नाही. पीक निघाल्याबरोबर, त्याचे तुकडे होण्याआधी, तो उचलावा आणि झटकून वेगळ्या पोत्यात भरावा. खताच्या रिकाम्या गोण्या उसवून, जोडून कडबा झाकायला होतात, हे सांगायला नकोच.

सुरुवात मात्र थोड्यावर करावी. एकदम चार रंगांच्या चार बादल्या आणल्या की घरातले घाबरतात. पहिला महिनाभर फक्त दुधाच्या पिशव्या वेगळ्या ठेवा. पिशवी कापताना कोपरा पूर्ण तोडू नका, तो चिमुकला तुकडाच पुढे कुठे सापडत नाही. पिशवी विसळून दोरीवर वाळत घाला. विसळली की वास नाही, माश्या नाहीत, आणि भंगारवाला ती खुशीने घेतो. महिनाभरानंतर खुंटीवरची पिशवी जड लागली की नको म्हणणारे माणूसही उचलून बघते. मग बाटल्या, पत्रा, कागद यांवर जावे. चकचकीत पुड्या आणि वेफर्सची पाकिटे भंगारवाला घेत नाही, कारण त्यांत वेगवेगळे पापुद्रे चिकटवलेले असतात. ती ग्रामपंचायतीच्या गाडीवरच द्यावी लागतात. हे आधीच सांगून ठेवलेले बरे, नाही तर "कुणी घेत नाही, मग कशाला साठवायचं" म्हणून सगळेच मोडीत निघते.

रोजच्या रोज टोकू नका, ही आणखी एक सूचना. पुडी अंगणात पडली की लगेच तोंड सोडले, तर दुसऱ्या दिवशी मुद्दाम दोन पडतील. पोरांवर काम सोपवा. चौथी-पाचवीतल्या मुलीने "आप्पा, पिशवी इकडं" म्हटले की भलेभले वाकून उचलतात.

ग्रामपंचायतीने काय करावे

सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी हे वाचत असतील तर त्यांच्यासाठी थोडे. गावात गाडी येते, बाई दोन पिशव्या वेगवेगळ्या देते आणि गाडीवाला तिच्या डोळ्यांदेखत त्या एकत्र ओततो. त्या क्षणी तिच्या घरातला वाद ती हरलेली असते. मालक दारात उभे राहून म्हणतात, "बघितलंस?" पुढे तुम्ही कितीही फलक लावा, तो पालथ्या घड्यावर पाणी. म्हणून आधी ट्रॉलीत मध्ये फळी ठोका. सुक्या कचऱ्याचा वार ठरवा आणि तो एकदाही चुकवू नका.

स्वच्छ भारत अभियानाचा ग्रामीण भागातला दुसरा टप्पा २०२० साली सुरू झाला. त्यात पाच हजारांपर्यंत वस्तीच्या गावांना घनकचऱ्यासाठी माणशी ६० रुपये आणि तालुक्याला प्लॅस्टिक प्रक्रिया केंद्रासाठी १६ लाख रुपयांपर्यंतची तरतूद धरली होती. आपल्या गावाच्या वाट्याचे काय झाले, शेड बांधून कुलूप तर लागले नाही ना, हे ग्रामसभेत विचारायला हरकत नाही. छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या पाटोदा ग्रामपंचायतीने कर भरणाऱ्या घरांना दळण मोफत करून दिले आणि त्यामुळे ते गाव राज्यभर माहीत झाले. दळण हा बाईच्या रोजच्या खर्चाचा आणि खेपेचा भाग. घरात कर भरायला कोण आठवण करणार, हे त्या गावाने बरोबर ओळखले. कचऱ्यालाही असे काही जोडता येईल का, हे ज्याने त्याने आपल्या गावापुरते ठरवावे. सर्वसाधारण ग्रामसभेआधी महिला ग्रामसभा घ्यायची असते. गाडीचा वार आणि वेळ तिथेच ठरवावी. सकाळी आठला गाडी आली तर बाया शेताच्या वाटेवर असतात. सहा-साडेसहाला आली तर दारात असतात.

आणि एक बाब नवरा-बायकोच्या पटण्या-न पटण्यावर सोडता येणार नाही. कीटकनाशकाच्या, तणनाशकाच्या रिकाम्या बाटल्या कोणत्याही कारणाने घरात येता कामा नयेत. "चांगली बाटली आहे, रॉकेल ठेवू, बी ठेवू, पोराला शाळेत पाणी देऊ" असे म्हणणारी घरे आजही आहेत. बाटली संपली की शेतातच तीनदा खळबळून ते पाणी फवारणीच्या पंपात ओतावे, म्हणजे पैशाचे औषधही वाया जात नाही. मग बाटलीला सळईने भोक पाडावे, म्हणजे ती पुन्हा कशाला वापरता येणार नाही. विहीर, ओढा, गोठा यांपासून दूर, मुलांचा हात पोहोचणार नाही अशा जागी तिचे वेगळे पोते बांधून ठेवावे आणि बाटलीसोबतच्या पत्रकात विल्हेवाटीची जी सूचना छापलेली असते तीप्रमाणे वागावे. भंगारात ती देऊ नये, चुलीत किंवा शेकोटीत टाकू नये. जनावराच्या इंजेक्शनच्या सुया जाड प्लॅस्टिकच्या बरणीत टाकून झाकण घट्ट लावावे, आणि बरणी भरली की पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून द्यावी. ही दोन्ही कामे ज्याने फवारले आणि ज्याने डॉक्टरांना बोलावले, त्यानेच करायची आहेत.